लोकर ज्याची, गालिचा त्याचा

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याचशा मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. बातम्यांमध्ये कोळंबी होती, कपडे होते, हिरे होते आणि यादीच्या शेवटाला कुठेतरी ‘कार्पेट’ हा शब्द होता. भारतात हाताने विणलेले बहुतेक गालिचे परदेशी जातात आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्यामुळे उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात ऑर्डरी अडकल्या. निर्यातदारांच्या मुलाखती झाल्या, आकडे सांगितले गेले. ज्यांच्या ओसरीवर माग उभे आहेत त्या बायका मात्र त्या मुलाखतींत क्वचितच दिसल्या.

कालव्याला पाणी कमी आलं की आधी टोकाचं शेत कोरडं पडतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गालिच्याच्या धंद्यात हे टोकाचं शेत म्हणजे घरी बसून विणणारी बाई. तिला कुणी कामावरून काढत नाही, नोटीस देत नाही. पुढचं सूत येत नाही, एवढंच. आणि पाणी भरपूर असतानाही तिच्या वाट्याला थोडंच येतं. परदेशातल्या दुकानात जी वस्तू चैनीची म्हणून विकली जाते, ती महिनोन् महिने बसून करणारीला इतकं कमी का मिळतं?

‘मधले दलाल खातात’ हे झटपट उत्तर आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायचं तर गालिचा होतो कसा तिथपासून सुरुवात करावी लागेल.

## आधी बाज, मग गाठ

बाज विणताना पाहिली असेल तर निम्मं काम झालं. चौकटीवर उभे धागे ताणून बांधायचे, तो ताणा. त्यातून आडवा धागा एकदा वरून, एकदा खालून काढत न्यायचा, तो बाणा. नुसत्या ताण्याबाण्यातून जे होतं ती दरी, सतरंजी किंवा तुर्कस्तान-इराणकडचा किलीम. तो चपटा असतो आणि दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो.

गालिच्यात यावर आणखी एक काम असतं. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा छोटा तुकडा गुंडाळायचा, त्याची टोकं पुढे ओढायची आणि छुरीने कापायची. ही झाली एक गाठ. अशी एक ओळ भरली की बाणा घालायचा आणि पंजासारख्या लोखंडी फणीने ठोकून ओळ घट्ट बसवायची. मग पुढची ओळ. कापलेल्या टोकांचा जो मऊ थर वर येतो ती लव. पाय त्या लवेवर पडतो, आणि तिच्याखालच्या गाठी गालिचा उलटा केल्याशिवाय दिसत नाहीत.

गाठ बांधायच्या पद्धती मुख्यतः दोन. तुर्की गाठीत लोकर दोन्ही धाग्यांना पूर्ण वेढते, फारसी गाठीत एकाला पूर्ण आणि दुसऱ्याच्या फक्त मागून जाते. फारसी गाठीने वळणदार वेलबुट्टी नीट उतरते, तुर्की गाठ दणकट बसते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, जाणकार लोक कितीही भांडोत.

तिसराही एक प्रकार आहे आणि घोटाळा तिथेच होतो. कापडाच्या मागून पिस्तुलासारख्या यंत्राने धागे घुसवायचे, मागच्या बाजूला चिक्कट लॅटेक्स फासायचं आणि वरून दुसरं कापड चिकटवायचं. याला टफ्टेड गालिचा म्हणतात. यंत्र हातात धरलेलं असतं म्हणून यालाही ‘हॅन्डमेड’ म्हणतात आणि ते शब्दशः खोटं नाही. पण त्यात एकही गाठ नसते. महिन्यांचं काम दिवसांत होतं. दुकानात हे दोन्ही एकाच शब्दाखाली शेजारी पसरलेले असतात आणि किमतीची तुलना तिथेच गंडते.

## गाठींचा हिशेब

गालिच्याची बारकाई एका चौरस इंचात किती गाठी, यावर मोजतात. मध्यम दर्जाचा, चौरस इंचाला १०० गाठींचा गालिचा धरू. आकार ९ फूट बाय ६ फूट, म्हणजे ५४ चौरस फूट. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणून एकूण ७,७७६ चौरस इंच. गुणिले १००. पावणेआठ लाखांहून जास्त गाठी.

सराईत हात दिवसभर बसला तर साधारण ६ ते १० हजार गाठी बांधतो. ६ हजार धरल्या तर एका माणसाचे १३० दिवस, दोघी शेजारी बसल्या तर ६५. यात सण नाही, आजारपण नाही, पेरणी-कापणी नाही, घरी पाहुणे आले नाहीत.

सैबेरियातल्या अल्ताय पर्वतात, पाझिरिक नावाच्या जागी, १९४९ साली रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला बर्फात गोठलेल्या एका थडग्यातून गालिचा मिळाला. वय सुमारे २,४०० वर्षं. जेमतेम दोन मीटर लांबीरुंदीच्या त्या तुकड्यात सुमारे साडेबारा लाख गाठी आहेत. चौरस इंचाचा हिशेब केला तर सव्वादोनशेच्या वर. आजही हे काम बारीक म्हणूनच विकलं जाईल. इतक्या शतकांत आपण विमानं उडवली, पण गाठ बांधायला लागणारा वेळ फारसा कमी केलेला नाही. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

जास्त गाठी म्हणजे जास्त चांगला गालिचा, असं मात्र नाही. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातल्या बायका मोठ्या, सैल गाठींचे आणि लांब लवेचे गालिचे विणतात. तिथली थंडी पाहता त्यांना ऊब हवी होती, बारकाई नको होती. लोकरीचंही तसंच. स्वेटरची मऊ मेरिनो गालिच्याला चालत नाही, पायाखाली लगेच दबते. इथे भरड, चिवट, स्प्रिंगसारखी उसळणारी लोकर लागते. घोंगडी अंगाला टोचते ती तसल्याच लोकरीमुळे. बिकानेरचा लोकर बाजार अशा भरड लोकरीसाठी प्रसिद्ध आहे.

## नकाशा कोणाच्या डोक्यात?

शहरी बाजारासाठीच्या गालिच्याचं डिझाइन, म्हणजे नकाशा, आलेखाच्या कागदावर रंगवलेलं असतं. एक चौकोन म्हणजे एक गाठ. मोबाइलचा पडदा भिंगाखाली धरला तर जसे रंगाचे ठिपके दिसतात, तसंच. विणणारी कागद वाचते आणि ठिपका ठिपका करून चित्र उतरवते. काश्मिरात कागदावर चित्रही नसतं, ‘तालीम’ नावाची खुणांची लिपी असते. कोणता रंग किती गाठी घ्यायचा हे त्यात लिहिलेलं असतं. एक जण ती लय धरून मोठ्याने वाचतो, बाकीचे विणतात.

याच्या दुसऱ्या टोकाला इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई या भटक्या जमातीच्या बायका. लोकर पुरुष कातरून आणतात, जमिनीवर आडवा माग तेच ठोकतात. सूत कातणं आणि विणणं बायकांचं. कागद नसतो. नक्षी आठवणीतली असते, विणताना बदलत जाते, त्यामुळे एकीच्या हातून तोच गालिचा दुसऱ्यांदा होत नाही. युनेस्कोने २०१० साली फार्सची ही परंपरा वारसा-यादीत घेतली, सोबत काशान शहराचीही. काशानमध्ये जवळजवळ दर तिसरा माणूस गालिच्याच्या कामात आहे आणि त्या कामकऱ्यांत दोनतृतीयांशाहून जास्त बायका, अशी त्या वेळची नोंद आहे.

हा फरक नुसता कलेचा नाही. कागदावरचं डिझाइन ज्याने काढलं, त्याच्या नावावर ते राहतं. विणणारी बदलली तरी त्याला फरक पडत नाही. डोक्यातलं डिझाइन असेल तर बाई बदलली की गालिचाच बदलला. राजस्थानातल्या जयपूर रग्ज या कंपनीने, जी १९७८ मध्ये चुरूला दोन मागांवर सुरू झाली आणि आज हजारो विणकरांना, बहुतांशी बायकांना, काम देते, ‘मनचाहा’ नावाने एक प्रयोग केला. गावातल्या बायकांना उरलेलं सूत द्यायचं आणि सांगायचं, नकाशा नाही, मनाला येईल ते विणा. त्यातले गालिचे बघताना कळतं की आयुष्यभर दुसऱ्याचे चौकोन भरणाऱ्या हातांकडे स्वतःचं म्हणणं होतंच. पण सूत तिथेही कंपनीचंच असतं. त्या सुताकडे आता वळायला हवं.

## सहा महिने कोण थांबणार?

एखाद्या गवंड्याला सांगितलं, की सिमेंट, वाळू, लोखंड तुझ्या पैशाने आण, वर्षभर बांध, आणि फ्लॅट विकला गेला की पैसे देऊ, तर तो हातातली थापी खाली ठेवून निघून जाईल. गालिच्याचं नेमकं हेच आहे. लोकर विकत घ्यायची, धुवायची, पिंजायची, कातायची, रंगवायची. मग १३० दिवस विणायचं. मग धुणं, लव समान कातरणं, ताणून सरळ करणं, कडा बांधणं. मग जहाज, मग दुकान, मग गिऱ्हाईक. लोकरीला पैसे लागल्यापासून गालिच्याचे पैसे हातात येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात, आणि या काळात घर चालवायचंच असतं.

हा वेळ ज्याला सोसतो तो गालिच्याचा मालक. यात कौशल्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून जगभर एकच व्यवस्था पुन्हा पुन्हा उगवलेली दिसते. व्यापारी किंवा त्याचा ठेकेदार सूत आणून देतो, नकाशा देतो, कधी मागसुद्धा देतो. बाई घरी विणते. गालिचा उतरला की चौरस फुटावर किंवा गाठींवर मजुरी मिळते, कड वाकडी आली तर त्यातून कापलीही जाते. मधल्या काळात अडचण आली तर थोडे पैसे आगाऊ मिळतात. ही आपल्या ओळखीची उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला उचल घेतल्यावर दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही, तसंच इथेही. पुढचा गालिचा त्याच ठेकेदाराचा विणायचा, दर कितीही असो.

‘कसेल त्याची जमीन’ अशी घोषणा आपण ऐकली आहे. ‘विणेल तिचा गालिचा’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. इथे कायदा साधा आहे: लोकर ज्याची, गालिचा त्याचा. विणणारी तिच्याच ओसरीवर, स्वतःच्या हाताने, दुसऱ्याची वस्तू तयार करत असते. वस्तू दहापट किमतीला विकली गेली तरी तिच्या मजुरीशी त्याचा संबंध नाही. रंगाऱ्याने रंगवलेला बंगला पुढे कितीला गेला, हे त्याला कोण सांगायला जातं?

## बायकाच का?

‘बायकांची बोटं नाजूक असतात’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते सोडून द्या. मेक्सिकोतल्या तेओतित्लान देल व्हाये या विणकरांच्या गावात स्पॅनिश लोकांनी पायाने चालवायचा माग आणला आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या पुरुष बसले. बायका मोठ्या संख्येने मागावर आल्या त्या विसाव्या शतकात. भदोहीतही मागावर पूर्वी पुरुषच जास्त असत. जास्त मजुरीची कामं मिळू लागली तसे पुरुष तिकडे गेले आणि रिकाम्या मागांवर बायका आल्या. मोरोक्कोत विणतात बायका, पण बाजारात गालिचा घेऊन जातो बहुतेक वेळा पुरुष, आणि पैसे त्याच्या खिशात येतात. बोटं सगळीकडे सारखीच आहेत. काम स्वस्त झालं की ते बायकांकडे येतं, की बायकांकडे आलं की स्वस्त होतं, हे कोडं मला नीट सुटलेलं नाही. दोन्ही एकमेकांना ढकलत असावेत.

याच बोटांच्या गोष्टीची एक भयंकर आवृत्तीही होती: बारीक गाठी लहान मुलांनाच जमतात. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी भारतातल्या गालिचा-उद्योगाचा अभ्यास झाला, त्यात या समजुतीला आधार सापडला नाही. सर्वांत बारीक कामही मोठी माणसं करतच होती. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने रगमार्क हे लेबल सुरू झालं, आज त्याचं नाव गुडवीव्ह. मुलांना मागावर बसवलेलं नाही याची तपासणी करून गालिच्यामागे क्रमांक असलेलं लेबल लावतात. सत्यार्थींना २०१४ चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यामागे याही कामाचा वाटा होता.

घरकामाशी या कामाचा मेळ कसा बसतो ते पाहिलं की मजुरीचं एक गुपित कळतं. माग ओसरीवर असतो. पाणी भरून झालं की दोन ओळी, मूल झोपलं की चार, दुपारी अर्धा तास जास्त. बाहेर जावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून बायकांनाही ते परवडतं, आणि हे त्या स्वतः सांगतात. पण दिवसाचे तास असे चिंध्याचिंध्यांनी गेले की त्यांची मोजदाद होत नाही. चौरस फुटाला दर ठरला, त्याला किती तास लागले हे कोणी लिहीत नाही. मग किमान वेतनाशी तुलना कशाची करणार? सूत गुंडाळून देणारी मुलगी, गाठी मोजणारी सासू, या तर हिशेबात कुठेच नाहीत.

## स्वतःची लोकर असली म्हणजे झालं?

इथवर वाचून वाटेल, बायकांना सूत घ्यायला कर्ज द्या, प्रश्न मिटला. अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी समाजातल्या बायकांची हकीकत ऐकली की हा उत्साह जरा ओसरतो.

नवाहो समाजात मेंढ्या बायकांच्या मालकीच्या असत. लोकर स्वतःची, सूत स्वतः कातलेलं, माग घरचा, नक्षी डोक्यातली. म्हणजे वर सांगितलेलं एकही बंधन नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली, पैसेवाल्यांची दुकानं उभी राहिली आणि शेकडो मैलांच्या माळरानात विणलेली वस्तू घेणारा एकच दुकानदार उरला. तोच उधारीवर किराणाही द्यायचा. काही दुकानदार तर नाण्यांऐवजी स्वतःच्याच दुकानात चालणारे बिल्ले द्यायचे. आणि विणलेलं ब्लँकेट तो घ्यायचा वजनावर.

वजनावर! पुढे काय झालं असेल ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. लोकर नीट धुतली की तिच्यातलं तेल आणि माती जाते आणि वजन घटतं. मग कशाला धुवायची? जाड सूत काता, सैल विणा, माती राहू द्या. शतकानुशतकं उत्तम विणणाऱ्या बायकांच्या हातून त्या काळात बरंच ओबडधोबड काम बाहेर पडलं. बायका बिघडल्या नव्हत्या, मोजमाप बिघडलं होतं. ज्या दुकानदारांनी कामाचा दर्जा बघून पैसे द्यायला सुरुवात केली, त्यांच्याकडे काम पुन्हा सुधारलं. ॲरिझोनातल्या गनाडोचा हबेल हा दुकानदार तर जुन्या नक्ष्यांची चित्रं रंगवून घेऊन कचेरीत टांगायचा, बायकांना अशा नक्षीला भाव मिळेल हे दिसावं म्हणून.

न्यू मेक्सिकोतल्या क्राउनपॉइंट इथे १९६८ पासून विणकरांचा लिलाव भरू लागला. विणणारी स्वतः गालिचा घेऊन येते, खोलीत अनेक गिऱ्हाइकं बसलेली असतात, बोली लागते. यात तंत्रज्ञान काही नाही. फरक इतकाच, की समोर एकच माणूस नसतो. तेव्हा कुलुपं दोन आहेत: सूत कुणाचं, आणि घेणारे किती. एकच उघडून दार सरकत नाही.

## ‘दलाल काढून टाका आणि थेट ऑनलाइन विका’

हे मोरोक्कोत करून पाहिलं गेलं आहे. आनू नावाच्या कारागिरांच्याच मालकीच्या संस्थेत विणणाऱ्या बायका आपल्या गालिच्यांचे फोटो स्वतः काढतात, किंमत स्वतः ठरवतात, जगातलं कुठलंही गिऱ्हाईक थेट मागवतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही वापरता यावं म्हणून चित्रांच्या खुणा आहेत. हे काम खरोखर चांगलं आहे.

पण दलाल काय करतो तेही मान्य करायला हवं. लोकरीत पैसा गुंतवतो. रंगाची एक खेप दुसरीशी जुळली नाही तर तोटा सोसतो. धुणं, कातरणं, ताणणं करवून घेतो. ‘फोटोत लाल जरा गडद होता’ म्हणून परत आलेला वीस-पंचवीस किलोंचा गालिचा स्वतःच्या गोदामात ठेवतो. दलाल काढला तरी ही कामं उरतात, ती कुणाला तरी करावी लागतात. सहकारी संस्था टिकतात त्या ही कामं शिकतात म्हणून. ज्या नुसत्या वेबसाइट काढतात, त्यांचं पुढे काय होतं ते फारसं लिहिलं जात नाही.

खरा घोळ दलालाच्या अस्तित्वापेक्षा टक्क्यांच्या चढणीत आहे. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत: गालिचा विणून पूर्ण होईपर्यंत खर्च १००. निर्यातदार ३० टक्के चढवतो, झाले १३०. आयात करणारा दुप्पट करतो, २६०. दुकानदार पुन्हा दुप्पट, ५२०. आता विणणारीची मजुरी १० ने वाढवली, तर दुकानातली किंमत किती वाढेल? १० ने वाढायला हवी. पण प्रत्येक जण टक्क्यांत चढवतो, म्हणून ती ५२ ने वाढते, आणि मग सगळे मिळून म्हणतात, ‘मजुरी वाढवली तर बाजार सोसणार नाही.’

आयातशुल्काचंही असंच. १३० वर ५० टक्के म्हणजे ६५. गिऱ्हाइकाला ६५ जास्त पडायला हवेत. पण १९५ चे दुप्पट ३९०, त्याचे दुप्पट ७८०. ६५ चे २६० झाले. मग आयात करणारा निर्यातदाराला म्हणतो, तू थोडं सोस. निर्यातदार ठेकेदाराला म्हणतो. ठेकेदार ज्या ओसरीवर जाऊन हेच म्हणतो, तिथून पुढे म्हणायला कुणी उरलेलं नसतं.

## ‘जीआय टॅग मिळाला ना?’

भौगोलिक निर्देशन म्हणजे जीआय. भदोही भागातल्या हातविणीच्या गालिच्यांना ते २०१० मध्ये मिळालं. त्याचा अर्थ, त्या भागाबाहेर किंवा यंत्रावर केलेला गालिचा भदोहीच्या नावाने विकता येणार नाही. हे नावाचं संरक्षण आहे. आत कुणाला किती मजुरी मिळावी, याबद्दल त्यात अक्षर नाही. नावाची किंमत वाढली तर ती आधी नाव वापरणाऱ्याला मिळते.

नाव आणि मजुरी एकत्र बांधायचा एक जुना प्रयत्न पश्चिम तुर्कस्तानात झाला. १८५६ नंतर रासायनिक रंग आले, स्वस्त होते, खेड्यांत पोहोचले. सुरुवातीचे बरेच रंग उन्हात उडायचे, पाण्यात पसरायचे. मंजिष्ठा आणि निळीने रंगवायची विद्या हळूहळू विसरली गेली. हाराल्ड ब्यमर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने संग्रहालयांतल्या जुन्या गालिच्यांचे रंग तपासून ते कोणत्या वनस्पतींचे हे शोधलं आणि १९८१ मध्ये इस्तंबूलच्या एका विद्यापीठासोबत ‘दोबाग’ प्रकल्प सुरू झाला. आयवाजिक आणि युंतदाग भागांतल्या खेड्यांत सहकारी संस्था निघाल्या, त्यातली युंतदागची तर बायकांचीच. तिथलीच लोकर, हाताने कातलेली, वनस्पतींचे रंग, आणि प्रत्येक गालिच्यामागे खुणेची चामडी पट्टी. इथे नाव संस्थेचं आणि संस्था विणणाऱ्यांची, त्यामुळे नावाचा फायदा जायला दुसरी जागाच नव्हती.

## ‘यंत्र करतं, तर हातांनी कशाला?’

रास्त प्रश्न आहे. यंत्रावरचा गालिचा स्वस्त, नीटस आणि बहुतेक घरांना पुरेसा असतो. त्यातली लव बहुधा गाठीने बांधलेली नसते, धाग्यांत नुसती अडकवलेली असते, म्हणून तो हातविणीच्या गालिच्याइतका टिकत नाही. पण दर दहा वर्षांनी रंग बदलायचाच असेल तर टिकाऊपणा हवाय कुणाला? हातकामाला यंत्राशी किमतीत लढवणं हा मूर्खपणा आहे. त्या लढाईत एकच गोष्ट कापता येते, ती म्हणजे मजुरी.

मुली हे काम सोडून शिकायला, नोकरीला गेल्या तर परंपरा मरेल, असा गळा काढणारेही भेटतात. त्यांच्या स्वतःच्या मुली मागावर बसलेल्या नसतात. ज्या मुलीला दुसरं चांगलं काम मिळतंय तिने ते घ्यावं. जिला विणायचंच आहे, तिचे १३० दिवस कुठेतरी लिहून ठेवायला हवेत.

## विकत घेताना

गालिचा उलटा करा. मागच्या बाजूला तीच नक्षी ठिपक्याठिपक्याने स्पष्ट दिसली तर तो गाठींचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड, मग गाठींच्या गालिच्याची किंमत देऊ नका. टोकाची झालर ओढून बघा. खऱ्या गालिच्यात ती ताण्याचीच उरलेली टोकं असतात, शिवून लावलेली नसतात. ओळी जरा वाकड्या, एका जागी निळा किंचित फिका, असं दिसलं तर घासाघीस करायला ते कारण वापरू नका. बहुतेक वेळा तिथे सुताची एक खेप संपून दुसरी आलेली असते.

लेबल असेल तर त्यावरचा क्रमांक विचारा. मग विक्रेत्याला विचारा, विणणारीला पैसे चौरस फुटाने मिळाले की दिवसाने, आणि सूत कुणाचं होतं. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळेल बहुधा. दुसऱ्या प्रश्नाला तो जरा वेळ तुमच्याकडे बघत राहील, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.